ट्रस्ट झाला, घर बाहेरच

“ताई, कळलं का? कोपऱ्यावरच्यांचं घर कोर्टात अडकलं!”

वहिनींचं डोकं कुंपणाच्या वर आलं, की समजायचं बातमी ताजी आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधली ही लाकडी कुंपणं सहा फुटी आणि वहिनींची उंची पाचाच्या आसपास, म्हणून त्यांनी पलीकडे एक मोठी कुंडी कायमची पालथी घालून ठेवली आहे. कढीपत्ता माझ्या बाजूला आहे, त्यामुळे निमित्त बारा महिने असतंच. नावं घ्यायची नाहीत, एवढं एकच पथ्य आम्ही पाळतो. ‘कोपऱ्यावरचे’, ‘मोसंबीवाले’, ‘माजी अध्यक्ष’ एवढ्यावर भागतं.

“अडकलं कसं? त्यांनी तर ट्रस्ट केला होता. काका गणपतीच्या पंगतीत ज्याला त्याला सांगत होते, आपण लिव्हिंग ट्रस्ट करून मोकळे झालो, आता मुलांना कोर्टाची भानगड नाही म्हणून.”

“केलाच होता हो! बाइंडर मी डोळ्यांनी पाहिलाय. मरून रंगाचा, वर सोनेरी अक्षरांत दोघांची नावं. माझ्या लग्नाचा अल्बमसुद्धा एवढा देखणा नव्हता. पण घर आहे कुठे त्यात? घर बाहेरच!”

वहिनी नोकरीत होत्या तेव्हा टायटल कंपनीत बसायच्या. त्यामुळे त्यांच्या गप्पांत कुणाची सून काय म्हणाली याच्याइतकंच कुणाचं डीड कुणाच्या नावावर आहे, हेही येतं. त्यांनी सांगितलं ते असं. ट्रस्ट केला तेव्हा वकिलाने घराचं डीड ट्रस्टच्या नावाने करून काउंटीत रीतसर नोंदवलं होतं. पुढे 2021 मध्ये व्याजाचे दर खाली आले, तशी अर्ध्या गल्लीने कर्जं फिरवून घेतली, काकांनीही घेतलं. कर्ज देणाऱ्याने अट घातली की आधी घर ट्रस्टमधून काढून तुम्हा दोघांच्या नावावर करा. सह्या झाल्या, कर्ज मिळालं, हप्ता कमी झाला, पेढे वाटले. घर परत ट्रस्टच्या नावावर करायचं डीड मात्र कुणीच केलं नाही. कर्जवाल्याला त्याची गरज नव्हती, वकिलाला पत्ता नव्हता आणि काकांना वाटलं, ते आपोआप होत असेल.

“काका गेले तेव्हा काही अडलं नाही. दोघांच्या जॉइंट नावावर घर, ते सरळ काकूंकडे आलं. म्हणून तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता काकू गेल्या. मुलगा तो बाइंडर काखोटीला मारून वकिलाकडे गेला. वकिलाने बाइंडर बाजूला ठेवला आणि म्हणाला, आधी शेवटचं डीड दाखवा.”

डब्यावर ‘बेसनाचे लाडू’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आणि झाकण काढावं तर आत काही नाही, असे ट्रस्ट कॅलिफोर्नियात ढिगाने सापडतील. लोकांना वाटतं, सही केली की ट्रस्ट झाला. सहीने ट्रस्ट जन्माला येतो, एवढंच. घराचं डीड, बँकेचं खातं, शेअरचं खातं एकेक करून त्याच्या नावावर चढवावं लागतं. ते कंटाळवाणं काम आपलं आपल्याला करावं लागतं आणि नेमकं तेच राहतं.

“मग आता मार्गच नाही?”

“आहे थोडा. 1993 चा हेगस्टॅडचा खटला आहे. ट्रस्टच्या यादीत घराचा पत्ता लिहिलेला असेल, तर डीड राहून गेलं तरी कोर्टाकडून ते ट्रस्टचंच आहे असं वदवून घेता येतं. पण यांनी स्वतःच्या सहीने घर बाहेर काढलंय ना! न्यायाधीशांनी मानलं तर ठीक. नाही तर प्रोबेट, सगळी वाटणी कोर्टामार्फत.”

प्रोबेट म्हणताना वहिनींनी आवाज असा खाली आणला, जसा पूर्वी आपल्याकडे दुखण्याचं नाव घेताना आणायचे. त्यात अतिशयोक्ती नाही. कॅलिफोर्नियात प्रोबेटच्या वकिलाची फी कायद्यानेच ठरवून दिली आहे. पहिल्या लाखावर 4 टक्के, दुसऱ्या लाखावर 3, पुढच्या आठ लाखांवर 2 आणि त्यानंतर 1. कोपऱ्यावरचं घर धरा सोळा लाख डॉलरचं. वहिनींनी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला: चार हजार, तीन हजार, सोळा हजार, सहा हजार.

“एकोणतीस हजार. हे वकिलाचे. एक्झिक्युटरलाही तेवढेच घ्यायचा हक्क आहे. मुलगाच एक्झिक्युटर, तो बहुतेक सोडेल. पण बहिणीशी बोलणं बंद आहे त्याचं, तेव्हा सोडेलच असं नाही.”

“घरावर कर्ज आहे ना पण अजून?”

“ते वजा होत नाही, ताई! फी घराच्या पूर्ण किमतीवर. अर्धं घर बँकेचं असलं तरी.”

शिवाय वेळ. देणेकऱ्यांना दावे लावायला चार महिने द्यावे लागतात, वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागते आणि सगळं मिळून वर्ष-दीड वर्ष सहज जातं. सगळे कागद उघडे. कुणीही जाऊन पाहावं, काय होतं आणि कुणाला किती दिलं. घर विकता का म्हणून विचारणारी पत्रं मुलाला यायला लागली आहेत म्हणे.

आपल्या लोकांची एक ठाम समजूत असते की विल केलं म्हणजे कोर्ट टळलं. इथे तसं नाही. विल असलं तरी प्रोबेट लागतंच, फक्त कुणाला काय द्यायचं ते तुमच्या मर्जीने ठरतं. प्रोबेटमधून सुटका लहान मालमत्तेला. एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 2,08,850 डॉलर आहे. राहतं घर साडेसात लाखांपर्यंतचं असेल तर त्यासाठी सोपा अर्ज आहे. पण फ्रीमाँटमध्ये साडेसात लाखांत काय येतं, हे वहिनींना विचारा. त्यांच्या मते एक गॅरेज आणि शेजाऱ्याच्या लिंबाची सावली.

“माझ्या नणंदेचं मात्र बघा,” मी म्हटलं. “एडिसनला असते. तिने साधं विल केलंय आणि निवांत आहे. मी ट्रस्ट कर, ट्रस्ट कर म्हणून तिच्या मागे लागले होते. तर म्हणाली, न्यू जर्सीत माणूस गेल्यावर दहा दिवसांनी विल घेऊन काउंटीच्या सरोगेटकडे जायचं, किरकोळ फी भरायची, कागद हातात. मी कशाला हजारो डॉलर घालू?”

“बरोबरच आहे तिचं. तिकडचं घर असतं तर मीही घातले नसते.”

हे मला महत्त्वाचं वाटतं. व्हॉट्सॅपवर फिरणारे सल्ले राज्य विचारत नाहीत. टेक्सासच्या मेहुण्याचं ऐकून कॅलिफोर्नियात विलवर भागवणारे आणि कॅलिफोर्नियाच्या मावसभावाचं ऐकून जर्सीत ट्रस्टला पैसे मोजणारे, दोन्ही आमच्या ओळखीत आहेत. त्यात भर त्या फुकट जेवणाच्या सेमिनारांची. साठी उलटली की पोस्टाने रंगीत कार्ड येतं, अमुक रेस्टॉरंटमध्ये या, सामन-सॅलड खा आणि इस्टेटचं नियोजन शिका. आम्ही दोघी एकदा गेलो होतो. पहिल्या अर्ध्या तासात प्रोबेटची भीती, दुसऱ्या अर्ध्या तासात ट्रस्ट आणि गोड पदार्थ आल्यावर अॅन्युइटी. तिथे ट्रस्टने कर वाचतो असं सांगत होते. साध्या रद्द करता येणाऱ्या लिव्हिंग ट्रस्टने एक पैचा कर वाचत नाही. तुम्ही हयात असेपर्यंत उत्पन्न तुमचंच, तुमच्याच रिटर्नमध्ये. मृत्यूवरचा केंद्राचा कर 2026 मध्ये माणशी दीड कोटी डॉलरच्या वर सुरू होतो आणि कॅलिफोर्नियाचा स्वतःचा तसला कर नाही. आमच्या गल्लीत ती काळजी कुणाला नाही, कितीही ऐट केली तरी.

“मोसंबीवाल्यांनी तर दोन्हीला फाटा दिला,” वहिनींनी गाडी पुढे काढली. “म्हणे, विल नको, ट्रस्ट नको, मुलाचं नाव डीडवर घालून टाकलं. फुकटात काम!”

“अरे देवा.”

“मी सांगितलं होतं त्यांना, याच कुंपणावरून. वकील आहात का, म्हणाले.”

मोसंबीवाल्यांनी घर घेतलं त्या काळी किंमत आजच्या मानाने चिल्लर. मालक गेल्यावर घर वारसाकडे आलं की करासाठी त्याची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. मुलाने दुसऱ्या दिवशी विकलं तरी नफा जवळजवळ शून्य. विलने मिळालं काय, ट्रस्टने मिळालं काय, हा फायदा सारखाच. पण जिवंतपणी अर्धं घर मुलाला देऊन टाकलं, तर त्या अर्ध्याला जुनीच चिल्लर किंमत चिकटते आणि विकताना कर त्या हिशेबाने बसतो. त्यात 1978 च्या प्रॉप 13 मुळे इथे वर्षानुवर्षं एकाच घरात राहणाऱ्यांचा प्रॉपर्टी टॅक्स नाममात्र असतो; मुलाला दिलेल्या अर्ध्याचं मूल्यांकन नव्याने होऊन तोही वाढू शकतो. आणि मुलाचा घटस्फोट झाला, तर मोसंबीच्या झाडाचाही वाटा मागतील. पोराचं बरं चाललंय, देव करो तसंच चालो.

“पण ताई, ते प्रॉप 19 आल्यापासून ट्रस्ट असला तरी टॅक्स वाढतोच ना?”

वाढतोच. फेब्रुवारी 2021 पासून आईबापाच्या घराचा जुना टॅक्स मुलाला टिकवायचा असेल, तर त्याने वर्षाच्या आत तिथे स्वतः राहायला यायला हवं, आणि तरीही त्याला मर्यादा आहे. वहिनींचा मुलगा ऑस्टिनला, माझी मुलगी सिअॅटलला. येतायत कुठली! ट्रस्टकडून ही अपेक्षाच ठेवू नये.

“मग ट्रस्ट करायचा तो फक्त प्रोबेटसाठी?” मी विचारलं, खरं तर वहिनींच्या तोंडून काढायला. कारण माजी अध्यक्षांची हकीकत मला अर्धवट माहीत होती.

वहिनींनी आधी इकडेतिकडे पाहिलं. “त्यांचं विल अगदी चोख होतं हो. दोन साक्षीदार, सगळं टापटीप. मंडळाचा जमाखर्च ठेवायचे तसाच. मग विसरायला लागले. आधी चाव्या, मग रस्ता, मग एकाच प्लंबरला तीनदा चेक. त्यांची बायको म्हणाली, आता मी बघते सगळं. तर शेअरचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर! पॉवर ऑफ अॅटर्नी केलेलीच नाही. विल दाखवलं, तर समोरच्या बाईने विचारलं, ते हयात आहेत ना?”

हा प्रश्न ऐकून मला घाम फुटला. विल माणूस गेल्यावर कामाला येतं, त्याआधी त्याला काही अर्थ नाही. आणि निवृत्त माणसाला खरी धास्ती असते ती मधल्या काळाची: हयात आहोत, पण सही कशावर करतोय ते कळत नाही. ट्रस्टमध्ये तुम्ही दोघं स्वतःच ट्रस्टी असता, आणि तुमचं डोकं चालेनासं झालं की, ट्रस्टमध्ये लिहिलं असेल तसं, बहुधा एक-दोन डॉक्टरांच्या पत्रावर, पुढचा ट्रस्टी कारभार हातात घेतो. कोर्ट नाही, वाट बघणं नाही. ट्रस्ट नसेल आणि पॉवर ऑफ अॅटर्नीही नसेल, तर कोर्टातून कॉन्झर्व्हेटरशिप. स्वतःच्या नवऱ्याच्या पैशाचा हिशेब न्यायाधीशाला द्यायचा. मला विचाराल तर आमच्यासारख्यांनी इथे ट्रस्ट करावा तो याच कारणासाठी; फी वाचते ती नंतरची गोष्ट. पॉवर ऑफ अॅटर्नीही त्याच्या जोडीला हवीच. आयआरए आणि 401-के ही खाती ट्रस्टच्या नावावर चढवायची नसतात. चढवली तर सगळी रक्कम काढली असं धरून टॅक्स लागतो. ती बेनिफिशियरीच्या फॉर्मवर चालतात. फॉर्म जुना असेल आणि त्यावर अजून कुणाची तरी पहिली बायको असेल, तर पैसे तिच्याकडे जायचे की काय, यावरही भांडणं होतात.

“आमचं सगळं तयार आहे,” वहिनी म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. त्यांना गप्प बसलेलं पाहायची मला सवय नाही.

“पण?”

“पुढचा ट्रस्टी. हे म्हणतात मुलगा. मोठा आहे, आकडेमोड कळते. आता तुम्हीच सांगा, यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कोण होतं? लेक. इथल्याच डब्लिनहून रोज ट्रॅफिकमधून यायची. औषधांच्या पेट्या ती भरते, डॉक्टरांना ती फोन करते. आणि उद्या चेकवर सही कुणाची? ऑस्टिनच्या साहेबांची.”

“दोघांना एकत्र घाला.”

“वकील म्हणाली, दोघांची सही लागेल असं लिहिलंत, तर भांडण झालं की कारभार ठप्प. कुणा एकालाही चालेल असं लिहिलंत, तर दुसऱ्याला न सांगता होईल. मग म्हणाली, तुम्हाला कुणावर विश्वास आहे? मी म्हटलं, दोघांवर. तर हसली.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोबेटच्या टक्केवारीवर आम्ही तासभर बोलू शकतो, पण मुलीला ट्रस्टी केलं हे मुलाला फोनवर कसं सांगायचं, ते कुठल्याच बाइंडरमध्ये नसतं. माझं मत मी सांगून टाकलं: जो जवळ असतो त्याला करा, आणि दुसऱ्याला दरवर्षी हिशेब द्यायचा असं लिहा. वहिनींनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही.

“आणि कोथरूडचा फ्लॅट?” त्यांनी विषय फिरवला. “हे म्हणतात, तोही याच ट्रस्टमध्ये टाकू.”

“मुळीच नको!”

या एका बाबतीत मी ठाम आहे. भारतातल्या स्थावराला भारताचाच कायदा लागतो. अमेरिकन ट्रस्टचं नाव घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे उभं राहिलात, तर ते चहा देतील, बाकी काही नाही. त्या फ्लॅटसाठी तिकडचं वेगळं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार, त्यातला एकही लाभार्थी नको. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण पुढच्या पुण्याच्या फेरीत करून टाकली तर बरी. पुण्यात प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती, तेव्हा इथल्यासारखी भीतीही नाही.

“नॉमिनी केलाय हो लेकीला. मग मृत्युपत्र कशाला?”

नॉमिनी म्हणजे मालक हा आपला फार जुना गैरसमज. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांपुरतं स्पष्ट सांगितलं, की नॉमिनीला फक्त ताबा मिळतो, मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच. नॉमिनी तात्पुरता सभासद, अंतिम वारस दुसराच असू शकतो.

“आणि एक बघा,” मी आवाज चढवला, कारण वहिनींच्या घरातून मिक्सर सुरू झाला होता. “तुमच्या इथल्या विलमध्ये पहिलंच वाक्य असेल, यापूर्वीची माझी सगळी विल्स रद्द. पुण्याचं आधी करून आलात आणि इथलं नंतर सही केलंत, तर त्या एका वाक्याने पुण्याचं गेलं! दोन्हीकडे लिहून घ्या, हे फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेपुरतं, ते फक्त भारतातल्या.”

वहिनींनी कुंडीवरूनच हातावर लिहून घेतलं. हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला त्याचा थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

“आणि ताई, पाटल्या?”

“पाटल्यांचं काय?”

“घर जाऊ दे, फ्लॅट जाऊ दे. सासूबाईंच्या पाटल्या सून मागणार आणि माझ्या आईचा तन्मणी लेक. मला वाटलं, एक चिठ्ठी लिहून ठेवावी.”

चिठ्ठी चालते. कॅलिफोर्नियात विलमध्ये तसा उल्लेख असेल, तर दागिने-भांड्यांची स्वतंत्र यादी सहीनिशी करून ठेवता येते. अट अशी, की एकेक वस्तू पाच हजार डॉलरच्या आतली आणि सगळी मिळून पंचवीस हजारांच्या आत.

“पाच हजार?” वहिनी हसायलाच लागल्या. “अहो, चार तोळ्यांची एक पाटली! आजच्या भावात एकटी पाटलीच पाच हजारांच्या पुढे गेली. सासूबाईंना सांगितलं असतं, तर फुलून गेल्या असत्या.”

“मग ट्रस्टमध्येच घाला नावानिशी. किंवा सरळ आत्ताच द्या. दिवाळीला सून येतेय ना?”

“आत्ता देऊ? आणि मी काय घालू हळदीकुंकवाला?” वहिनी खाली उतरल्या. कुंडी सरकल्याचा आवाज आला आणि मागोमाग घराच्या दिशेने त्यांची हाक: “अहो, आपण कर्ज फिरवलं त्यानंतरचं डीड कुठंय? नाही, बाइंडर नको, डीड! ... मग शोधा ना! मिक्सर बंद करा आधी!”